खाचा बोथट झालेलं फ्रीव्हील: विडी घरकुलातल्या एका मागच्या चाकाचं प्रकरण

चाक माझ्याकडे आलं तेव्हाची अवस्था आधी सांगतो. बिनगिअरच्या जुन्या २८ इंची सायकलचं मागचं चाक. ४० तारा, पोलादी हब, १८ दाती फ्रीव्हील (हबवर बसणारी, चेन जिच्यावरून फिरते ती दातांची चकती). फ्रीव्हीलच्या बाजूच्या तीन तारा हबजवळच्या वाकणात तुटलेल्या. रिमवर गंजाचे ठिपके होते, पण रिम सरळ होती. नवीन तारा घालायच्या तर फ्रीव्हील उतरवावंच लागणार होतं. १८ दातांचं फ्रीव्हील दातांपाशी साधारण ७३ मिलिमीटर व्यासाचं भरतं आणि हबच्या पाळीतली, म्हणजे कडेच्या चकतीतली, तारांची भोकं त्याच्या आड जातात. तार ओवायला जागाच राहत नाही. आणि हे फ्रीव्हील जागचं हलायला तयार नव्हतं.

सायकल सोलापूरच्या विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, अण्णांची. अण्णा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत, मी तिथलाच जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. कारखान्यातला व्हाइस आणि हत्यारं सुट्टी झाल्यावर वापरायला मिळतात, म्हणून ओळखीतल्या कुणाची सायकल अडली की ती माझ्यापर्यंत येते. ही सायकल अण्णांच्या वडिलांची. ते लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. त्यामुळे अण्णांना त्यातला एकही भाग उगाच टाकून द्यायचा नव्हता, आणि मलाही ते पटत होतं. हब हातात धरून फिरवून पाहिला. आतल्या वाट्या चांगल्या होत्या, कुठे खरखर नव्हती. इतक्या जाड पाळीचा हब आज सहज मिळत नाही.

माझ्याकडे येण्याआधी चाक एका दुकानात जाऊन आलं होतं. तिथे आधी जुन्या चेनचा तुकडा दातांवर गुंडाळून पाईपनं ओढून पाहिलं. या पद्धतीनं फ्रीव्हील कधीच सुटणार नाही. सोडवायच्या दिशेला दातांचं बाहेरचं कडं मोकळंच फिरतं, फ्रीव्हीलचं कामच ते. त्या बाजूला ओढलं की नुसती टकटक ऐकू येते आणि दुसऱ्या बाजूला ओढलं की ते आणखी आवळतं. ते जमेना म्हणून आतल्या कड्याच्या खाचेत छिन्नी तिरकी लावून हातोडा चालवला. शेवटी सल्ला मिळाला तो असा की तारा कापा, रिम वेगळी करा, हब फेकून द्या.

“हब टाका म्हणतोय हो,” अण्णा म्हणाले. “बघा की, अजून आवाज नाही त्याला. तारा तर तेवढ्या कापून आणू का?”

“अण्णा, तारांना कुणाला हात लावू देऊ नका. त्या कापल्या की खरंच काही करता येणार नाही.”

हे मी अंदाजानं म्हटलं नव्हतं. फ्रीव्हील सोडवताना हत्यार एका जागी धरायचं आणि चाक फिरवायचं असतं. ६५ सेंटिमीटर व्यासाची रिम हीच आपली तरफ. तारा कापल्या की हातात उरतो एक गोल, तेलकट, मुठीएवढा हब. तो कशात धरणार? पाळीला पकडलं तर पाळी वाकते, मधल्या नळीला पकडलं तर ती चेपते. भल्या भल्या हबांची अशी वाट लागलेली मी पाहिली आहे. जाम फ्रीव्हीलच्या बाबतीत तारा कापणं हा उपायाच्या यादीतला शेवटचा उपायसुद्धा नाही. त्यानंतर कुठलाच उपाय उरत नाही.

त्यामुळे कामाला हात घालण्याआधी माझ्या डोक्यात प्रश्न एकच होता. काय काय करून पाहायचं हे तर ठाऊक होतं, पण ते कोणत्या क्रमानं? यातले बरेच उपाय फसले तर पुढच्या उपायाची वाट बंद करून जातात. छिन्नीनं तेच केलं होतं.

जाम का झालं

फ्रीव्हील हबवर साध्या, म्हणजे उजव्या आट्यांवर बसतं. आपल्याकडच्या या सायकलींना इंग्लिश मापाचे आटे असतात. व्यास १.३७ इंच, म्हणजे जवळपास ३५ मिलिमीटर, आणि इंचाला २४ आटे. पायडल मारलं की चेन फ्रीव्हीलला आटे आवळायच्या दिशेलाच ओढते, म्हणून त्याला वेगळा नट लागत नाही. चालवणाराच ते घट्ट करत राहतो.

किती घट्ट? अण्णांचं वजन ६० किलोच्या आसपास. चढावर ते पायडलवर उभे राहिले आणि क्रॅंक १७ सेंटिमीटरचा धरला, तर क्रॅंकवर सुमारे १०० न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. पुढचं चेनव्हील ४४ दाती, मागचं १८. त्या हिशोबानं फ्रीव्हीलवर येतो ४१ न्यूटन-मीटर. हा आकडा फार मोठा नाही. आणि आटे स्वच्छ असतील, ग्रीस लावलेले असतील, तर सोडवायला लागणारा जोर आवळणाऱ्या जोरापेक्षा थोडा कमीच असतो. उलट रिमच्या दोन्ही कडा धरून प्रत्येक हातानं २५ किलोचा जोर लावला तर १५० न्यूटन-मीटरच्या वर पीळ मिळतो. हिशोबानं फ्रीव्हील हसत सुटायला हवं. सुटत नाही, याचा अर्थ आपली लढाई अण्णांच्या पायांशी नाही, गंजाशी आहे.

गंज कुठून आला तेही चाक बघून कळलं. घरकुलात पाणी रोज येत नाही. आलं नाही की अण्णांचा पुतण्या याच सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंना कॅन लटकवून पाणी आणतो. कॅनला झाकण नीट बसत नाही, रस्ता खड्ड्यांचा, त्यामुळे पाणी हिंदकळून थेट मागच्या हबवर सांडतं. मडगार्डच्या पट्टीवर पांढरे ओघळ होते, बोअरच्या जड पाण्याचे. फ्रीव्हीलच्या मागे, जिथे ते हबच्या खांद्याला टेकतं, तिथे तांबूस भुकटीचं पूर्ण कडं दिसत होतं आणि ग्रीसचा मागमूस नव्हता. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. आट्यांच्या फटीत तो धरला की नर आणि मादी आटे एकमेकांत दाबून बसतात. तारा तुटण्याचंही कारण हेच ओझं. भरलेले दोन कॅन आणि वर माणूस.

फ्रीव्हील स्वतः कामातून गेलेलं होतं. दात एका बाजूला झिजून टोकदार झालेले, चेन अधूनमधून उडायची, आणि अण्णा म्हणाले की कधीकधी पायडल मारलं तरी क्षणभर पोकळ जातं. हे कळल्यावर मला बरं वाटलं. फ्रीव्हील वाचवायचं नाही आणि हब वाचवायचा आहे, एवढं ठरलं की पुढचे निर्णय सोपे होतात. फ्रीव्हीलही चांगलं असतं आणि दोन्ही वाचवायचं असतं, तर मी बऱ्याच गोष्टी वेगळ्या केल्या असत्या.

तेल कुठे सोडायचं

सगळे पहिल्यांदा तेल सोडतात आणि बहुतेक जण ते चुकीच्या जागी सोडतात. फ्रीव्हीलला दोन मुख्य भाग असतात. बाहेरचं कडं दातांचं, आतलं कडं आट्यांचं, आणि दोघांच्या मध्ये छर्रे आणि कुत्रे, म्हणजे एकाच दिशेला दात अडवणारे स्प्रिंगचे खटके. समोरून दिसणाऱ्या मोठ्या गोल फटीत तेल घातलं तर ते छर्र्यांत जातं. फ्रीव्हील गुळगुळीत फिरायला लागतं, बघणाऱ्याला वाटतं काम होतंय, आणि आट्यांपर्यंत थेंबही पोचत नाही. आट्यांची फट त्याहून बरीच आत आहे, आतल्या कड्याची किनार आणि हबच्या आट्यांचं टोक यांच्यामध्ये. ती जेमतेम केसभर दिसते. दुसरी वाट मागून, हबच्या खांद्यापाशी.

चेकनट आणि कोन सोडवून एक्सल तात्पुरता काढला, छर्रे वाटीत ठेवले, आतलं ग्रीस पुसून घेतलं. मग चाक आडवं ठेवलं, फ्रीव्हील वर. आतल्या बारीक फटीत डिझेल आणि पातळ तेलाचं मिश्रण सुईच्या बाटलीनं गोल फिरवत सोडलं. लहान हातोडीनं आतल्या कड्याच्या तोंडावर पंच धरून हलके ठोके दिले. ठोके सोडवण्यासाठी नव्हते, गंजाच्या भुकटीत बारीक भेगा पडून तेल शोषलं जावं यासाठी होते. मग चाक उलटं केलं, फ्रीव्हील खाली, आणि तारांमधून हबच्या खांद्यापाशी तेल सोडलं. तसंच रात्रभर ठेवलं. या कामाला घाई चालत नाही, आणि यात काही बिघडतही नाही. म्हणून ते सगळ्यात आधी.

खाचांना एकच संधी

या फ्रीव्हीलच्या आतल्या कड्याला समोरासमोर दोन खाचा होत्या. त्यात बसणारं दोन कानांचं हत्यार माझ्याकडे आहे. एक खाच ठीक होती. दुसरीची नेमकी तीच भिंत छिन्नीनं गोल झाली होती जिच्यावर सोडवताना जोर येतो. बारीक चौकोनी कानशीनं ती भिंत पुन्हा काटकोनात आणली. खाचेची खोली आता आधीच्या निम्मीच उरली होती.

मी पुतण्याला आधीच सांगून ठेवलं. हत्यार एकदा जरी निसटलं तरी थांबायचं, पुन्हा लावून बघायचं नाही. निसटलेलं हत्यार दर वेळी खाच थोडी आणखी खाऊन जातं आणि माणसाला मात्र वाटत राहतं की आता सुटलंच.

एक्सल परत घातला, हत्यार त्यावरून खाचांत बसवलं आणि वरून चाकाचा नट हातानं टेकवून पान्यानं किंचित आवळला. हा नट फार महत्त्वाचा आहे. जोर आला की हत्याराला खाचेतून वर चढायचं असतं, ते त्यालाच दाबून धरतो. मात्र फ्रीव्हील सुटल्याक्षणी तोच नट सैल करावा लागतो. इंचाला २४ आटे म्हणजे एका फेऱ्यात फ्रीव्हील सुमारे १ मिलिमीटर बाहेर येतं. पाव फेऱ्यातच ते पाव मिलिमीटर सरकतं आणि नट-हत्याराच्या मध्ये चेपायला लागतं. त्याच जोरात पुढे फिरवत राहिलं तर एक्सलचे आटे मरतात.

हत्यार व्हाइसमध्ये उभं पकडलं. चाक त्याच्यावर आडवं, फ्रीव्हील खाली. आता वरून बघताना चाक घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचं, बसचं स्टिअरिंग डावीकडे वळवतात तसं. दिशेबद्दल इथे बऱ्याच जणांचा गोंधळ उडतो, कारण बघणारा फ्रीव्हीलच्या विरुद्ध बाजूनं बघत असतो. त्यात पान्यानं फ्रीव्हील फिरवत नसून व्हाइसनं फ्रीव्हील धरून हब फिरवत आहोत. दोन उलट एकत्र आले की दिशा पुन्हा तीच होते. पाना हातात धरून फ्रीव्हीलच्या बाजूनं सोडवा किंवा चाक व्हाइसवर ठेवून वरून फिरवा, हात काट्यांच्या उलटच गेला पाहिजे.

समोर पुतण्या, इकडे मी. हिसका न देता जोर वाढवत नेला. रिम किंचित लवली, तारा करकरल्या आणि निम्म्या खोलीच्या खाचेतून कान सटकला. नट पक्का असूनही.

“अजून एकदा मारू की,” पुतण्या म्हणाला.

“नाही. ठरलंय ना आपलं.”

मग तो म्हणाला, सरळ वेल्डिंगवाल्याकडे नेऊ, पट्टी चिकटवून फिरवू. ही कल्पना वाईट नाही, त्यानं फ्रीव्हीलं सुटलेली मी पाहिली आहेत. पण ठिणग्या हबच्या वाटीत उडाल्या किंवा वेल्ड चुकून हबच्या आट्याला धरला, तर मग हब गेला. ज्याच्यासाठी सगळं चाललंय तोच. ते शेवटाला ठेवलं.

उलट्या आट्यांचं झाकण

गरम करून बघायचा विचार याच वेळी कुणाच्याही मनात येतो. पण बाहेरून टॉर्च लावला तर तापतं दातांचं कडं. आतल्या कड्याशी त्याचा संबंध फक्त छर्र्यांच्या बारीक टेकण्यापुरता आणि कुत्र्यांच्या टोकांपुरता. आट्यांपर्यंत उष्णता पोचेपर्यंत वेळ जातो आणि तोवर हबही तेवढाच तापतो. उष्णता द्यायचीच तर आतल्या कड्याला दिली पाहिजे, आणि त्यासाठी बाहेरचं कडं मधून निघालं पाहिजे.

ते निघतं. फ्रीव्हीलच्या तोंडावर एक पातळ गोल झाकण असतं, त्याला समोरासमोर दोन बारीक भोकं. हेच झाकण बाहेरचं कडं, छर्रे, कुत्रे सगळ्यांना जागेवर धरून ठेवतं. याचे आटे उलटे असतात. काट्यांच्या दिशेनं फिरवलं की ते सुटतं. हे माहीत नसलेला माणूस त्याला सवयीनं उलट्या बाजूनं ठोकत बसतो आणि ते आणखी आवळतं. खाचा गेल्या तरी फ्रीव्हील काढता येतं ते या झाकणामुळे.

हत्यार आणि एक्सल बाजूला काढले. झाकणाच्या भोकांत बसणारा पिनांचा पाना नव्हता. बोथट टोकाचा पंच एका भोकात किंचित तिरका धरला, टोक काट्यांच्या दिशेनं, आणि मध्यम हातोडीनं छोटे, खणखणीत ठोके दिले. एका भोकावर दोन-चार, मग समोरच्या भोकावर दोन-चार. एकाच भोकावर ठोकत राहिलं तर ते फाटतं आणि झाकण वाकडं होऊन अडकतं. ठोक्याचा आवाज सुरुवातीला भरीव येत होता. काही वेळानं तो बदलला, किंचित फुटका आला, आणि झाकणाच्या कडेनं गंजमिश्रित तेलाची बारीक रेघ वर आली. त्यानंतर झाकण बोटांनी फिरलं.

खाली परात ठेवली होती, ती ठेवलीच पाहिजे. झाकणाखाली कागदाइतक्या पातळ चकत्या असतात, फ्रीव्हीलची हालचाल मापात ठेवणाऱ्या. त्यानंतर बारीक छर्र्यांची एक ओळ, आणि दातांचं कडं वर उचललं की मागची दुसरी ओळ खाली सांडते. दोन कुत्र्यांपैकी एकाची स्प्रिंग तुटलेली होती आणि दुसरा घट्ट झालेल्या काळ्या तेलात चिकटून बसला होता. पायडल पोकळ का जायचं ते इथे कळलं.

आता समोर उरलं होतं फक्त आतलं कडं, आट्यांवर बसलेलं उघडं पोलाद. या हबला पाळीतली भोकंही आता दिसू लागली होती. फ्रीव्हील चांगलं असतं आणि नुसत्या तारा बदलायच्या असत्या, तर इथेच थांबून, तारा ओवून, छर्रे ग्रीसमध्ये बसवून सगळं परत जोडता आलं असतं. घाईच्या वेळी हा मार्ग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आतलं कडं

कुत्रे आणि स्प्रिंगा काढल्यावर आतल्या कड्याला कुत्र्यांच्या दोन खोबणी दिसतात, बाकी ते गोल असतं. गोल वस्तू व्हाइसच्या जबड्यात धरायची म्हणजे खूप आवळावं लागतं, आणि जितकं आवळू तितकं कडं हबच्या आट्यांवर दाबलं जातं. म्हणजे एका हातानं सोडवायचं आणि दुसऱ्या हातानं घट्ट करायचं. म्हणून समोरासमोर दोन बाजू ग्राइंडरनं सपाट करून घेतल्या, प्रत्येकी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर खोल. हबच्या आट्यांना धक्का लागू नये म्हणून आतल्या तोंडात ओलं फडकं कोंबलं होतं. सपाट बाजू मिळाल्या की जबडा हलका आवळूनही घसरत नाही.

मग उष्णता. टायर, ट्यूब आणि रिमची पट्टी आधीच काढली होती. डिझेल लावलेलं सगळं फडक्यानं कोरडं पुसलं. ही पायरी कुणीही गाळू नये, कारण आटे तेलानं भिजलेले असतात आणि टॉर्चच्या ज्योतीत ते पेट घेतात. काम शेडच्या बाहेर, मोकळ्यावर केलं. जुन्या भागांवरच्या मुलाम्याचा धूर नाकात जाणं चांगलं नाही. शेजारी वाळूची बादली ठेवली.

३५ मिलिमीटर व्यासाचं पोलादी कडं १५० अंशांनी तापलं तर ते साधारण ०.०६ मिलिमीटरनं फुगतं. ऐकायला क्षुल्लक वाटतं. आट्यांच्या फटीत गंजाची पकड मोडायला मात्र ते पुरतं, अट एवढीच की आतला हब तेवढाच तापलेला नसावा. म्हणून ज्योत फक्त कड्यावर, गोल फिरवत, आणि थोडक्या वेळात. पाण्याचा थेंब कड्यावर पडताच चरचरून उडाला, तेव्हा टॉर्च बंद केला. लाल करायचं कारण नाही. हब अॅल्युमिनियमचा असता तर मी हे इतक्या निर्धास्तपणे केलं नसतं. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे उष्णता आत पोचली की आतला हबच बाहेरच्या कड्याला आतून दाबतो आणि पकड वाढते.

चाक उलटं करून, कड्याच्या सपाट बाजू व्हाइसमध्ये हलक्या आवळून, रिम दोघांनी धरली. या वेळी जोर वाढवत नेण्याऐवजी छोटा हिसका दिला, कारण आता निसटायला खाच नव्हती. कट्ट असा कोरडा आवाज आला. पुतण्याला वाटलं तार तुटली. तार नव्हती. रिमवर खडूनं केलेली खूण व्हाइसच्या रेषेपासून दोन बोटं पुढे गेली होती.

अण्णा दारातून बघत होते. “सुटलं?”

“सुटलं. हब शाबूत आहे.”

पहिले दोन फेरे जड गेले, मग हातानं. सुटलं म्हणून घाईघाईनं फिरवून काढणं चांगलं नाही. आट्यांत गंजाचे खडे असतात, ते पुढच्या आट्यांना ओरखडतात. थोडं सोडवायचं, थोडं परत आवळायचं, तेलाचा थेंब टाकायचा, पुन्हा सोडवायचं.

परत जोडताना

हबचे आटे घासलेटमध्ये बुडवलेल्या जुन्या दातब्रशनं आणि पितळी ब्रशनं साफ केले. नखानं प्रत्येक आटा चाचपून पाहिला. पहिला आटा एका ठिकाणी किंचित दबलेला होता, तो तिकोनी बारीक कानशीनं उठवला. बाकी आटे धारदार होते.

तारांबद्दल माझं मत अण्णांना सुरुवातीला महाग वाटलं. तुटल्या होत्या तीन, मी त्या बाजूच्या सगळ्या २० बदला म्हणालो. वाकणात तीन तारा तुटतात तेव्हा बाकीच्या सतरांनीही तेवढंच ओझं, तेवढेच खड्डे सोसलेले असतात. त्याही आज ना उद्या तुटणार, आणि दर वेळी फ्रीव्हील उतरवावं लागणार. फ्रीव्हील खाली आहे तेव्हाच ते उरकून घ्यावं. तारा एकेक करून बदलल्या, एक जुनी काढली की तिथे नवी, म्हणजे चाकाचा आकार बिघडत नाही. शेवटी आउट काढला, म्हणजे तारा कमी-जास्त ताणून चाक सरळ फिरेल असं केलं.

चेनही बदलली. १२ इंचांत बरोबर १२ पूर्ण कड्या (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक) बसल्या पाहिजेत. जुनी चेन पट्टीवर ठेवली तर १२ कड्या सव्वाबारा इंचांच्या जवळ जात होत्या. इतक्या ताणलेल्या चेनवर नवीन फ्रीव्हील घातलं असतं तर तिनं त्याचे दातही लवकर खाल्ले असते.

नवीन फ्रीव्हील चढवायला कुठलंही हत्यार लागलं नाही, लागूही नये. हबच्या आट्यांवर ग्रीसचा भरपूर थर दिला. फ्रीव्हील आट्यांवर सपाट टेकवून आधी काट्यांच्या उलट हळूच फिरवलं. आट्याचं टोक आट्यात पडतं तेव्हा बारीक टक्क जाणवतं. तिथून काट्यांच्या दिशेनं, फक्त बोटांनी. इतक्या बारीक आट्यांत फ्रीव्हील तिरकं चढलं तर दोन फेऱ्यांतच हबचे आटे जातात, आणि वाचवलेला हब आपल्याच हातानं गमावला जातो. बोटांनी जात नसेल तर काढून पुन्हा लावायचं. शेवटचं आवळणं अण्णांच्या पायांवर सोडलं, घरकुलातून कारखान्यापर्यंतच्या वाटेवर ते आपोआप होतं.

काही आठवड्यांनी सायकल परत बघितली. मधल्या काळात कॅनही वाहून झाले होते. नवीन तारांपैकी दोन-तीन किंचित सैलावल्या होत्या, नवीन तारांचं असं होतंच. निपलला अर्धा-अर्धा फेरा देऊन त्या ताणल्या. पायडल पोकळ जात नव्हतं, चेन उडत नव्हती. पुतण्यानं मागच्या मडगार्डला जुन्या ट्यूबची रुंद पट्टी रिबिटनं ठोकली आहे, त्यामुळे कॅनचं पाणी आता हबवर न पडता बाहेर ओघळतं. फ्रीव्हीलच्या मागे हबच्या खांद्यापाशी ग्रीसची कड अजून ओली दिसते. दरवर्षी मृगाच्या आधी फ्रीव्हील एकदा उतरवून, आटे पुसून, नवीन ग्रीस लावून परत बसवायचं असं अण्णांशी ठरलं आहे. नवीन फ्रीव्हीलच्या खाचा चौकोनी आहेत, त्यामुळे त्या कामाला हत्यार, व्हाइस आणि पुतण्या एवढंच पुरेल.